जुनी जीप, नवी जीप

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सयाजी आज गेला. गडहिंग्लजला, लेकीकडं, कायमचा. गुडघे संपले त्याचे. सव्वीस वर्षं माझ्या जीपमध्ये डाव्या सीटवर औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसला. अडलेली म्हैस असो नाहीतर पोट फुगलेला बैल, जनावर धरायला सयाजी आणि हात घालायला मी. जाताना पाया पडायला त्याला वाकता येईना म्हणून माझा हात धरून उभा राहिला. म्हणाला, "डॉक्टर, आता बेतानं चालवा." मी म्हटलं, "मी कधी जोरात चालवली रे?" त्यावर इरावतीकडं बघत राहिला.

इरा, माझी एकुलती एक लेक. कोल्हापुरात शाहूपुरीत तिचं वकिलीचं ऑफिस आहे. रविवारी शिरोळला माझ्याकडं येते. आज मला न विचारता नवी जीपच घेऊन आली. कंपनी तीच, नाव तेच, तोंडवळाही तसाच ठेवलाय. माझी त्र्याण्णव सालची, ही यंदाची. मधल्या बत्तीस वर्षांत लोखंडाला काय काय फुटलंय ते आता बघायचं.

मी नको म्हणालो. भांडण झालं. शेवटी ठरलं ते असं: उन्हाळा संपेपर्यंत दोन्ही गाड्या दारात राहतील, जी कमी पडेल ती विकायची. "पण आबा, खरं खरं लिहून ठेवायचं. मापात पाप नको," असं इरानं बजावलं.

चाळीस वर्षं जनावरांचे केसपेपर लिहिलेत मी. जनावर बोलत नाही, त्यामुळं जेवढं बघितलं तेवढंच लिहायचं ही हाताला सवय. गाड्यांचंही तसंच लिहीन.

१३ फेब्रुवारी

चार दिवस नवीच चालवली. जे चांगलं ते आधी.

स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. जुन्या गाडीत वळण आलं की आधी खांदा तयार करावा लागायचा. नवी खड्ड्यातून जाते तेव्हा खड्डा खाली राहतो. जुनीत तो थेट मणक्यात यायचा. एसी आहे. दारं बंद केली की बाहेरचा आवाज आत येत नाही. उसाच्या ट्रॉलीमागं अर्धा तास अडकलो तरी धूळ खावी लागली नाही. जुनीचा कापडी हूड म्हणजे नुसतं नाव, आत-बाहेर सारखंच.

आता वाईट. डावीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. बॉनेट उंच केलंय आणि काचेचा डावा खांब मनगटाएवढा जाड. आज डेअरीच्या फाटकाच्या खांबाला डावं मडगार्ड घासलं. चाळीस वर्षं त्या फाटकातून आत-बाहेर करतोय, कधी केसाएवढी घासली नव्हती. नवीन पोरांनी चित्र चांगलं काढलंय, पण चालवणाऱ्याला बघायचं असतं हे विसरलेत.

१९ फेब्रुवारी

या गाडीला एक वाईट खोड आहे. सारखी टुकटुक करते. आरशात पिवळा दिवा लागतो, मग टुकटुक. विशेषतः डावीकडून. मी बघतो तर तिथं काही नसतं. पुन्हा मान वळवून बघितलं की कधी सायकलवाला असतो, कधी कुत्रं. असणारच की. रस्ता आहे.

सयाजीची आठवण झाली. त्याचंही असंच. गाडीत बसला की तोंडाला दम नाही. "डॉक्टर, डावीकडं सायकल. डॉक्टर, म्हातारी चाललीया. डॉक्टर, ट्रॉली उभी हाय." पहिली वीस-बावीस वर्षं गप्प बसायचा, बीडी ओढत. गेल्या तीन-चार वर्षांत हे सुरू झालं. वय झालं की माणसं बडबडी होतात. पण त्याची बडबड कानाला लागत नव्हती, ही टोचते.

२४ फेब्रुवारी

आज कहर झाला. अर्जुनवाडच्या रस्त्यानं गाईला सलाईन लावून परत येत होतो. समोर रस्ता रिकामा. आणि गाडीनं माझ्या पायाला न विचारता कचकन ब्रेक मारला. छाती पट्ट्यावर आपटली. मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत पुढं गेला.

मी खाली उतरलो. डावीकडून शालूबाई धावत आली. साठीची बाई, दोन म्हशी, रोज सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली घेऊन डेअरीला चालत जाते. तिच्या हातात शेळीचं दावं. "बरं थांबलासा डॉक्टर," ती धापा टाकत म्हणाली. "सुटली मेली. पार चाकाखाली गेलती की."

"कुठून आली ही?"

"समोरनंच की. तुमच्या म्होरनं गेली." मग नव्या गाडीवरनं हात फिरवून म्हणाली, "हिला डोळं हायत म्हणायचं."

शेळी कुणाला दिसते? रस्त्यात अचानक शिरते. पण गाडीनं आपल्या मनानं थांबायचं म्हणजे मालक कोण?

२७ फेब्रुवारी

डेअरीच्या सेक्रेटरीनं मोबाइलसारखं पडद्यावर बोट फिरवून टुकटुक आणि आपोआपचा ब्रेक, दोन्ही बंद करून दिलं. म्हणाला, "कशाला बंद करतासा, चांगलं असतंय." मी म्हटलं, माणसानं चालवायची गाडी माणसालाच चालवू दे. परत येताना शांत वाटलं. खूपच शांत.

९ मार्च, रविवार

इरा आली होती. जेवताना मी लिंबू मागितलं. "वाढलंय की आबा," ती म्हणाली. ताटाच्या डाव्या बाजूला होतं, मीठ, चटणी, लिंबू, असायचं तिथं. बोलण्याच्या नादात बघितलं नाही. ती मात्र जेवायची थांबली.

पुन्हा डोळे तपासायचा विषय. गेल्या महिन्यापासून तिनं हे लावून धरलंय. मी समोरची दिनदर्शिका भिंतीवरून काढली आणि तिला सगळ्यांत बारीक अक्षरातली तिथी-नक्षत्रं वाचून दाखवली. एकही चुकलो नाही. "बघ," म्हटलं. ती हसली नाही. "टुकटुक चालू आहे ना आबा?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. उगाच वाद कशाला.

२१ मार्च

नदीकाठच्या गाळाच्या मळीत गाय रुतली होती. सोबत गडी चार, पण सयाजीसारखं शेपटीच्या मुळाशी धरणारा एकही नाही. गाय निघाली, मग जीप रुतली. नवीचा फोर बाय फोर पहिल्यांदाच टाकला. खोटं लिहिणार नाही: जुनी त्या चिखलातून निघाली नसती. नवी चारी चाकांनी जमीन पकडत, घाई न करता वर आली. एक चाक फिरायला लागलं की त्याला आपणच आवरते. मला कौतुक वाटलं. शेजारी बघून "काय रे?" असं म्हणणार होतो.

शेजारच्या सीटवर पेटी होती.

माझी बायको नंदिनी वारली तेव्हाही घरात एवढं रिकामं वाटलं नव्हतं. सकाळी निघाल्यावर रात्रीपर्यंत सयाजी असायचा. आता दारं बंद, काच बंद, एसीचा आवाज. परवा एका वळणावर मी स्वतःच मोठ्यानं "डावीकडं सायकल" म्हणालो. सायकल नव्हती.

३० मार्च, पाडवा

हिशेब झाला माझा. नवी जीप प्रत्येक बाबतीत सरस आहे: जोर, चढ, चिखल, बसणं, ब्रेक, सगळ्यात. एक सोडून. तिच्यातून डावीकडचं दिसत नाही, आणि ज्या गाडीतून दिसत नाही ती कितीही चांगली असली तरी कामाची नाही. दीड महिन्यात डाव्या बाजूला सहा ओरखडे. जुनीवर बत्तीस वर्षांत एक, तोही ट्रॅक्टरवाल्याचा.

इराला फोनवर सांगितलं. ती मग म्हणाली, "आबा, मी पुढच्या रविवारी येते. तोपर्यंत घरीच थांबा." मी म्हटलं, जनावरं रविवारपर्यंत थांबत नाहीत.

सयाजी गेल्यापासून जुनी काढलीच नव्हती. बॅटरी उतरलेली. ज्ञानू मिस्त्रीला बोलावलंय. परवापासून जुनीच.

२ एप्रिल

शालूबाई.

३ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, कारण बघितलं तेवढं लिहायची सवय आहे. पण बघितलं काय, हेच सांगता येत नाही.

सकाळी सातची वेळ. ऊन चांगलं आलेलं. जुनी जीप. कितीतरी दिवसांनी तो आवाज, तो डिझेलचा वास, खांद्याला ते ओझं. मी खुशीत होतो. डावीकडचं सगळं स्वच्छ दिसत होतं: बांध, ऊस, विजेचे खांब. वेग पस्तीसच्या वर नव्हता. डेअरीच्या अलीकडच्या वळणावर धप् असा आवाज झाला. मला वाटलं स्प्रिंगचा पाटा तुटला. मी गाडी थांबवली, पाटा बघायला डाव्या बाजूनं फिरून आलो.

शालूबाई रस्त्याच्या कडेला पडली होती. किटली लांब. दूध मातीत. ती शुद्धीवर होती. मला बघून पदर सावरला आणि म्हणाली, "मीच मधी आलो डॉक्टर. मीच मधी आलो."

ती मधे आली नव्हती. ती डांबराच्या खाली, मातीत चालत होती.

५ एप्रिल

खुब्याचं हाड मोडलंय. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. इरानं सगळं बघितलं. दवाखान्यात विचारलं तेव्हा शालूबाईनं सांगितलं, "म्हशीनं ढकललं." तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा मुलगा आदर्श शेजारी उभा होता, त्यानंही मान हलवली. पोलीस आले नाहीत. कुणी बोलावलेच नाहीत.

बाहेर बाकावर आदर्श माझ्याजवळ बसला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "तुमचा काय दोष डॉक्टर," तो म्हणाला. "जुनं डबडं ते. ब्रेक धरला नसंल."

डेअरीतही हेच. सरपंचही हेच. "ताईनं एवढी नवी घेऊन दिली आणि तुमी ते भंगार काढलंसा." सगळे जुन्या जीपला शिव्या देतात. इरासुद्धा म्हणाली, "नवी असती तर आपोआप थांबली असती." मी ते बंद केल्याचं सांगितलं नाही. रात्री पडल्यापडल्या मनात आलं: ब्रेक धरला नसेल. ज्ञानूनं बॅटरीच बघितली होती, ब्रेक कुठं बघितला? हे मनात आल्यावर झोप लागली. हेही लिहून ठेवतो.

१० एप्रिल

ज्ञानू मिस्त्रीकडं जीप ओढत नेली. त्यानं चारी चाकं उतरवली, ब्रेकचे लायनर काढून हातात घेऊन बघितले, मग चाकं चढवली आणि मोकळ्या रस्त्यावर नेऊन तीन वेळा ब्रेक मारला. काळ्या रेघा उठल्या. परत येऊन हात पुसत म्हणाला, "ब्रेक एक नंबर हायत."

"नीट बघितलंस?"

"डॉक्टर, हिचं लायनर मीच दिवाळीत घातल्यात." मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता, "ब्रेक मारलासा का?"

मी नाही म्हणालो.

"का न्हाय मारला?"

ब्रेक मारायला काही दिसावं लागतं.

१६ एप्रिल

इरानं डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. या वेळी मी नको म्हणालो नाही.

एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात. समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं, आजूबाजूला कुठं बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मन लावून दाबत होतो. मधेच खूप वेळ उजेड येईना. मला वाटलं यंत्र बिघडलं. मी तसं सांगितलंही. मुलगी म्हणाली, "चालू आहे काका. बघत राहा."

मग कागद आला. डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ पूर्ण काळा. उजव्याचा नाकाकडचा अर्धा काळा. मधे दोन रुपयांच्या नाण्याएवढं पांढरं, तिथून मी बारीक अक्षरं वाचत होतो. काचबिंदू. डॉक्टरीण बाई मृदू बोलत होत्या. दुखत नाही, म्हणून कळत नाही. जिथलं दिसत नाही तिथं काळोख दिसत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो. म्हणजे मी पाहिलेला तो बांध, तो ऊस, ते विजेचे खांब.

"चार-पाच वर्षं तरी चाललंय हे," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांवर टिकवू."

चाळीस वर्षांत किती जनावरांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं मी. दोन वर्षांपूर्वी लायसनच्या कागदावर माझ्या डोळ्यांचा दाखला एका डॉक्टर मित्रानं दिला होता. चहा पीत. मीच म्हणालो होतो, कशाला तपासतोस, मला ठणठणीत दिसतंय.

इरा गाडीत बसल्यावर रडली. नवी जीप तीच चालवत होती. मी डाव्या सीटवर. आयुष्यात पहिल्यांदा.

२० एप्रिल, रविवार

एस.टी.नं गडहिंग्लजला गेलो. सयाजी ओट्यावर पाय लांब करून बसला होता. बातमी त्याला कळली होती. मी समोर बसलो आणि विचारलं, "कवापासनं माहीत होतं तुला?"

त्यानं कशाबद्दल हे विचारलं नाही. "चार वर्सं झाली असतील. डेअरीचा सेक्रेटरी डावीकडनं हात करून हाका मारत हुता आणि तुमी सरळ म्होरं बगत चालला हुतासा. मी म्हटलं, राग आला असंल. मग दुसऱ्या दिशी कुत्रं. मग वळखलं."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी गाडी सोडली असतीसा. गाडी सोडली की धंदा सोडला. मग मी कुठं जाणार हुतो डॉक्टर? जनावर धरण्याबिगर मला काय येतंय?" मग म्हणाला, "आणि तुमास्नी तरी दुसरं काय येतंय?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

"गुडघं गेलं तवा ताईस्नी सांगितलं," तो म्हणाला. "डॉक्टरांस्नी डावीकडचं कमी दिसतंय म्हटलं. ताई म्हणाल्या, डोळं दावा म्हटलं की चिडत्यात. आता एक गाडी हाय, तिच्यात यंत्र हाय, डावीकडं काय आलं की बोलतंय, वेळ पडली तर थांबतंय सुदिक. मी म्हटलं, मग ऱ्हायलं काय. माझ्यापरास बेस. त्याला गुडघं न्हाईत." तो हसायला गेला, हसू आलं नाही. "यंत्र हुतं तर जुनी का काढलीसा?"

"जुनीतून मला सगळं दिसायचं, सयाजी."

तो गुडघे चोळत बसला. त्याची लेक चहा ठेवून गेली. कप निम्मा झाल्यावर मला माझंच वाक्य ऐकू आलं.

बत्तीस वर्षांची गाडी आणि यंदाची गाडी, दोन्ही मांडून बसलो होतो. बॉनेट उंच, खांब जाड. सहा ओरखडे मोजले. दोन्ही गाड्यांत सारखी असलेली एकच गोष्ट होती, ती तपासली नाही.

४ मे, रविवार

शालूबाई गेली. घरीच. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या छातीत कफ धरतो. आठवडाभर ताप होता. काल मी बघायला गेलो होतो, पायी. तिनं ओळखलं. म्हैस गाभण राहत नाही, काय करावं, म्हणून विचारलं. मी औषध सांगितलं. आदर्शनं लिहून घेतलं.

मातीला गेलो तेव्हा लोकांनी मला पुढं जागा करून दिली. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली.

१७ मे

इरा म्हणाली होती, बोलू नका. वकील म्हणून म्हणाली, मुलगी म्हणूनही. "तुम्ही सांगून त्या परत येणार नाहीत आबा. आणि त्या माणसांनी स्वतःहून मिटवलंय." मी तिला शब्द दिला आणि आज मोडला. तेरावं काल झालं. एक दिवस थांबलो होतो.

आदर्श गोठ्यात वैरण कापत होता. मी दारातच उभा राहून सांगितलं. गाडीचा दोष नव्हता. ब्रेक चांगले होते, ज्ञानूनं तपासलेत. मला डावीकडचं दिसत नाही, चार वर्षं दिसत नाही. तुझी आई मला दिसलीच नाही. नव्या गाडीत थांबायची सोय होती, तीही मी बंद केली होती.

त्याचे हात थांबले नाहीत. पेंढी संपेपर्यंत कापत राहिला. मग विळा भिंतीला लावला.

"हे मला कशाला सांगितलंसा?"

"खरं होतं म्हणून."

"खरं हुतं तर तुमच्यापाशी ठेवायचं हुतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "दीड म्हैना त्या गाडीला शिव्या घालतोय. झोपताना घालतोय, उठल्यावर घालतोय. बरं चाललं हुतं. आता तुमास्नी घालू व्हय? ह्या दोन्ही म्हशी तुमच्या हातानं जगल्यात. धाकटी जन्मताना उलटी आल्ती, तुमी पाटंपतुर हात घालून बसला हुतासा. आई जाताना म्हणाली, डॉक्टरांस्नी कुणी काय बोलू नगा. सांगा आता, मी काय करू?"

त्यानं कापलेली वैरण म्हशींपुढं टाकली.

"जावा डॉक्टर. आणि परत येऊ नगा. जनावर मेलं तरी चाललं."

परत येताना दोनदा रस्त्याच्या कडेला थांबलो. मी हे कशासाठी केलं? त्याच्यासाठी नक्कीच नाही. पोटात गळू झालं की ते फोडावं लागतं, पण पू कुणाच्या अंगावर उडतो हेही बघायचं असतं. चाळीस वर्षं हेच करत आलो आणि तेवढंही बघितलं नाही.

२ जून

दोन्ही गाड्या गेल्या. जुनीला भंगारवाल्यानं साखळी लावली. नवी इरा कोल्हापूरला घेऊन गेली, तीच वापरेल. कुठली ठेवायची हा प्रश्न उरला नाही. ओसरीसमोरची जागा मोकळी झाली, तिथं डिझेलचे डाग आहेत.

तीन गावांतून फोन आले. मी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर दिला. एकजण म्हणाला, गाडी पाठवतो, बसून या. मी नाही म्हणालो. अडलेल्या म्हशीच्या पोटात डोळ्यांचं काम नसतं, हात पुरतो, हे मला माहीत आहे. तरी औषधांची पेटी माळ्यावर ठेवून दिली.

थेंब दिवसातून दोनदा. ते चुकवत नाही. कशासाठी टिकवायचं, हे मात्र डॉक्टरीण बाईंना विचारायचं राहिलं.

९ जून, सोमवार

आज एकटा कोल्हापूरला गेलो. इराला सांगितलं नाही. स्टँडवरून रिक्षा करून लायसनच्या हापिसात. पाऊण तास रांगेत. खिडकीत चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा कारकून.

"काय पायजे?"

"लायसन परत करायचंय."

"रिन्यू?"

"नाही. जमा करायचंय. मला आता नको."

त्यानं कार्ड उलटसुलट करून बघितलं. "आजोबा, अजून पावणेतीन वर्सं हायत की ह्याला. ऱ्हाऊ द्या. कुठं ओळख दाखवायला चालतंय."

"मला दिसत नाही."

"मग चष्मा लावून चालवायचं. माझा सासरा लावतोय की."

मागचे लोक कुरकुरायला लागले. मी खिडकीच्या जवळ तोंड नेलं. "माझ्या गाडीखाली एक बाई गेली," मी म्हणालो. इतक्या दिवसांत या शब्दांत कुणाला सांगितलं नव्हतं.

तो माझ्याकडं बघत राहिला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "केस हाय?"

"नाही."

"मग?"

त्यानं कार्ड माझ्याकडं सरकवलं. जमा करायचंच असेल तर ऑनलाइन अर्ज भरा, कारण लिहा, मग या, असं समजावून सांगितलं. चांगला माणूस होता. मी मान हलवली, कार्ड तिथंच खिडकीत ठेवलं आणि निघालो. दारातून बाहेर पडलो. पायऱ्या पायानं चाचपत उतरत होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ पावणं! पावणं, लायसन इसरलासा!"

तो खुर्ची सोडून धावत आला होता, रांग तशीच ठेवून. कार्ड माझ्या हातात देईना. माझ्या शर्टाच्या खिशात स्वतःच घातलं आणि खिशावर थाप मारली.

"वय झालं की व्हतंय असं. जपून जावा," तो धापा टाकत म्हणाला. "गाडी कुणीकडं लावलीया?"